तार मुरते काय?

'मुरणे' हे क्रियापद आपल्या भाषेत मोठ्या मानाचे आहे. लोणचे मुरते तेव्हाच ते पानात वाढण्याच्या योग्यतेस येते. बिडाचा तवा महिनाभर तेल पिऊन मुरला म्हणजे घावन त्यावरून अलगद सुटते. तंबोऱ्यावर नव्या तारा चढविल्या की त्या पहिले काही दिवस उतरत राहतात, पुन्हा पुन्हा ओढाव्या लागतात आणि मग एके दिवशी जागेवर बसतात. माणसालाही आपण 'मुरलेला' म्हणतो; मुरलेला वकील, मुरलेला मुत्सद्दी असे शब्दप्रयोग रोज कानी पडतात आणि त्यांत स्तुती किती व टोमणा किती हे ज्याचे त्याने ठरवावे. काळाने आणि वापराने वस्तू सुधारते हा अनुभव आपल्या स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत इतका सार्वत्रिक आहे की, एखाद्या नव्या वस्तूविषयी 'ही अजून मुरायची आहे' असे कोणी सांगितले, तर आपण पुरावा मागत नाही. मान डोलावतो आणि वाट पाहतो.

या मान डोलावण्याच्या सवयीचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर उज्जयिनीत नुकताच आला. निमित्त दिसायला क्षुल्लक होते. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जी तांब्याची तार जाते, ती नवी असताना म्हणे नीट वाजत नाही. तिच्यातून शंभर, दोनशे, क्वचित चारशे तास संगीत अथवा एक विशिष्ट घरघर सतत वाहू द्यावी, म्हणजे ती 'बर्न-इन' होते, अर्थात मुरते. मग खर्ज भरदार होतो, तार सप्तकाचा कर्कशपणा जातो आणि गायक प्रत्यक्ष समोर बसल्याचा भास होतो. असे सांगणारे लोक जगभर आहेत. एवढेच काम करणारी यंत्रेही बाजारात मिळतात आणि काही विक्रेते अशी आधीच मुरविलेली तार अधिक किमतीला देतात.

आमच्या येथील मराठी आणि कोंकणी घरांचे एक लहानसे भजन मंडळ आहे. गेल्या उत्सवाच्या वर्गणीतून साठ हजार रुपये शिल्लक उरले. मंडळाचा स्टीरिओ संच आमच्या एका स्नेह्यांच्या, डॉक्टरांच्या, दिवाणखान्यात असतो. त्यांनी सूचना मांडली की या पैशांतून उत्तम प्रतीच्या तारा घ्याव्यात आणि त्या विधिपूर्वक मुरवाव्यात. डॉक्टर हे छांदिष्ट गृहस्थ नव्हेत. त्यांच्या सूचनेमागे एक कारण होते आणि ते ऐकल्यावर सभेत कोणी हसले नाही. त्यांचे वडील १९७४ पासून १९८२ पर्यंत मंडळाचे भजन सांगत असत. त्या काळी कोणा हौशी सभासदाने ती भजने स्पूल टेपवर उतरवून घेतली. पुढे त्यांच्या कॅसेटी झाल्या आणि त्याच आजवर वाजतात. आवाज घोगरा येतो, झांजा पत्र्यासारख्या वाजतात. डॉक्टरांना आपल्या वडिलांचा आवाज जसा होता तसा एकदा ऐकावयाचा होता. त्यांच्या मातोश्रींना, ज्यांचे वय आता शहाऐंशी आहे, तो ऐकवावयाचा होता.

मागणी इतकी रास्त असल्यामुळेच मागितलेला उपाय खरा आहे की नाही, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम तांब्याकडेच वळू. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची आणि तीन मीटर लांबीची तार घेतली, तर जाण्यायेण्याच्या सहा मीटरांचा विद्युत्‌रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. स्पीकरचा रोध आठ ओहम धरला तर ही तार आवाजातला जो अंश खाते, तो एका डेसिबलचा तेविसावा भाग होय. गाणे ऐकताना आवाज लहानमोठा झाल्याचे साधारण माणसास कळते ते सुमारे एका डेसिबलच्या फरकाने. तीक्ष्ण कानास, शांत खोलीत, त्याहून काहीशा कमी फरकाने. म्हणजे तार मुरून आपला सगळाच्या सगळा रोध टाकून देती, तरी ते आपल्याला कळले नसते.

दुसरे असे की, तांब्याचा रोध उष्णतेने बदलतो, एका अंशामागे शेकडा सुमारे ०.४ या प्रमाणात. आमच्या माळव्यात वैशाखातली दुपार चाळीस अंशांच्या पलीकडे जाते आणि पौषातली पहाट दहाच्या आसपास उतरते. या तीस अंशांच्या फेऱ्यात त्याच तारेचा रोध शेकडा बाराने हलतो, आणि तरीही आवाजात पडणारा फरक एका डेसिबलचा दोनशेवा भाग इतकाच असतो. 'आज थंडी आहे, तेव्हा मालकंस अंमळ निराळा वाजतो आहे,' अशी तक्रार करणारा रसिक आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

मग दोनशे तासांत तारेमध्ये घडते तरी काय? तांब्याची घडण उष्णतेने खरोखर बदलते. कारखान्यात तार ओढून काढल्यावर ती तापवून नरम करतात, पण त्यासाठी काही शे अंशांची आच लागते. घरच्या संगीताने तारेत जी उष्णता निघते, ती हाताला जाणवतही नाही. विद्युत्‌कण तारेतून धावतात आणि धावून धावून वाट पाडतात, असे एक चित्र विक्रेते रंगवितात. वाट पाडण्यासाठी चालावे लागते. संगीताचा प्रवाह हा पुढे जाणारा प्रवाह नव्हे, तो डोलणारा प्रवाह आहे. सेकंदास शंभर आंदोलनांचा, डग्ग्याच्या घुमाऱ्यासारखा, स्वर एक अँपिअरच्या प्रवाहाने अशा तारेतून गेला, तर त्यातील कण आपल्या जागेवरून मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका मागेपुढे झुलतात. पाळण्यातल्या मुलाने झोके घेतले म्हणून दारापुढे पायवाट पडत नाही. तारेवरच्या प्लॅस्टिकच्या आवरणात थोडा विद्युत्‌भार साठतो व सुटतो, हे खरे. पण तो व्यवहार क्षणाक्षणाचा आहे, दोनशे तासांच्या संस्काराचा नव्हे.

तथापि या समजुतीला मुळीच आधार नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'बर्न-इन' हा शब्द कारखान्यांतून आला. तेथे नवी विद्युत्‌उपकरणे काही काळ उष्णतेत चालवून पाहतात. उद्देश हा की, जी लवकर बिघडणार असतील ती गिऱ्हाइकाच्या घरी न बिघडता कारखान्यातच बिघडावीत. यात सुधारणा अभिप्रेत नाही, निवड अभिप्रेत आहे. जुने व्हॉल्वचे रेडिओ तापल्याखेरीज बोलत नसत, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. नव्या स्पीकरचा पडदा ज्या लवचिक कडीवर आणि जाळीवर तोललेला असतो, ती वापराने पहिल्या काही वेळात खरोखर सैलावते. हे मोजता येते. आणि तार काढून पुन्हा खोचली की टोकावरचा गंज खरवडला जाऊन जोड स्वच्छ होतो. तेवढ्याने कधीकधी आवाज सुधारतो आणि त्याचे श्रेय बापड्या तारेच्या तपश्चर्येस मिळते.

याखेरीज आणखी एक वस्तू निश्चित मुरते, ती म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. एकच ध्वनिमुद्रिका दोनशे तासांच्या अवधीत पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याला तीत पूर्वी न जाणवलेली मींड जाणवू लागते, मागचा तंबोरा निराळा ऐकू येऊ लागतो. हा लाभ खरा आहे. फक्त तो फुकट आहे आणि तारेशी त्याचा संबंध नाही.

आता आमच्या व्यवसायाच्या बाजूने दोन शब्द. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे आकडे बदलले, नव्या युगाच्या काही गोष्टी आत आल्या. पण मूळ तत्त्व जागचे हलले नाही. जो म्हणतो 'अमुक आहे', त्याने ते सिद्ध करावे. 'नाही' म्हणणाऱ्याच्या गळ्यात सिद्धतेचे लोढणे अडकवू नये. तार मुरते असे म्हणणाऱ्याला आपण दोनशे तासांनी विचारले की फरक कोठे आहे, तर तो म्हणतो, चारशे तास द्या. चारशे तासांनी तो म्हणतो, तुमचा अँप्लिफायर त्या योग्यतेचा नाही. न्यायालयात या प्रकाराला तारीख वाढवून मागणे म्हणतात आणि तो कोणत्या पक्षकाराचा आवडता उपाय असतो, हे सांगण्याची गरज नाही.

वापराने वस्तू बदलते की नाही, हा प्रश्न या नगरीला नवा नाही. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात येथे क्षिप्रेच्या काठी वेधशाळा उभारली. आपल्या ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवले आहे की, पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू ढळतात, म्हणून वेध चुकतात. यास्तव त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. धातू वापराने बदलतो हे त्याने मान्य केले. पण ते यंत्राच्या भाकितात आणि आकाशात पडलेले अंतर मोजून मान्य केले, कोणाच्या प्रतीतीवर विसंबून नव्हे.

दुसरा दाखला तर ज्योतिर्लिंगाचाच आहे. महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात ज्यांनी पुन्हा उभे केले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर आपल्याच सारस्वत समाजातले, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. त्या मंदिरातील लिंगाची जलाने, पंचामृताने व भस्माने झीज होते आहे, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने पुरातत्त्व विभागाच्या आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून पाषाणाची पाहणी करविली. २०१७ साली मंदिराच्या व्यवस्थेने जे उपाय पुढे केले, त्यांत एका भक्ताने अर्धा लिटर शुद्ध केलेले पाणीच वाहावे आणि भस्म आरतीच्या वेळी लिंग कोरड्या सुती वस्त्राने झाकावे, ही कलमे होती. पूजेचा विधी कोणता असावा हे सांगणे आपले काम नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आणि १ सप्टेंबर २०२० च्या निर्णयात पाषाणाच्या रक्षणासाठी, भक्तांनी लिंग चोळू नये, असे बजावले.

हा दाखला आम्ही मुद्दाम दिला, कारण आमच्या मंडळाच्या सभेत एका वयोवृद्ध सभासदांनी एक मार्मिक आक्षेप घेतला होता. ते म्हणाले, "वकीलसाहेब, प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देव येतो हे तुम्ही मानता. तेथे ओहम आणि डेसिबल काढीत नाही. मग डॉक्टरांच्या तारेवरच एवढी उलटतपासणी का?"

प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहे. पण प्राणप्रतिष्ठा करणारा पुरोहित असे कधीच म्हणत नाही की, विधीनंतर दगडाचे वजन वाढेल किंवा त्याचा रंग बदलेल. मूर्ती आणि भक्त यांच्यामधले नाते बदलते, असे आपण मानतो आणि त्या नात्याला तराजू नाही. तार विकणारा मात्र नात्याविषयी बोलत नाही. तो म्हणतो की खोलीतली हवा निराळी कंप पावेल. हवा मोजता येते, आणि मोजता येण्याजोगी गोष्ट सांगून पैसे घेणाऱ्याने मापाला तयार असले पाहिजे. महाकालाच्या बाबतीतही देव हा भक्तांचा विषय राहिला आणि पाषाण तज्ज्ञांकडे गेला. याने कोणाची श्रद्धा उणावली नाही. उलट, दगडाला वाचविण्याची बुद्धी श्रद्धेतूनच आली. तारेच्या व्यापाऱ्याने श्रद्धेची शाल पांघरून बाजारात बसावे, ही गोष्ट आम्हांस श्रद्धेच्याच बाजूने खटकते.

अखेर डॉक्टरांनीच मार्ग सुचविला. त्यांनी वैद्यकात आयुष्य घालविलेले. औषध कोणते आणि साखरेची गोळी कोणती हे रोग्यालाही ठाऊक नसावे आणि देणाऱ्यालाही ठाऊक नसावे, ही परीक्षापद्धती त्यांना पाठ होती. ध्वनीच्या क्षेत्रातही ही पद्धत जुनीच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९५० साली अशाच प्रकारच्या तुलनेविषयी लिहिले होते. एका भेंडोळ्यातून सारख्या लांबीच्या दोन जोड्या कापल्या. एक जोडी डॉक्टरांनी दोनशे तास वाजविली, दुसरी कोरी ठेवली. प्रथम सगळ्यांना सांगूनसवरून दोन्ही ऐकविल्या आणि सगळ्यांना फरक ऐकू आला. कोणी 'खोली' म्हणाले, कोणी 'मोकळेपणा'.

मग डॉक्टरांच्या कन्येने नाणे उडवून, कोणती तार जोडायची ते ठरवावे, जोडावी, वर चादर टाकावी आणि खोलीबाहेर जावे. त्यानंतर आम्ही आत येऊन ऐकावे आणि चिठ्ठीवर लिहावे, असा क्रम दहा वेळा केला. नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर आली तरच फरक ओळखला असे मानावयाचे, हे आधी कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या होत्या. कारण डोळे मिटून अंदाज करणाराही त्र्याण्णवांत एकदा तेवढी मजल मारतो. डॉक्टरांची सहा उत्तरे बरोबर आली, तबला वाजविणाऱ्या प्राध्यापकांची चार, आमची पाच. सहा किंवा अधिक बरोबर येणे हे तर नुसत्या नाण्यालाही शंभरात सुमारे अडतीस वेळा साधते. डॉक्टरांच्या मातोश्री मूळच्या फोंडा महालातल्या. त्यांनी दुसऱ्या फेरीनंतर चिठ्ठी परत केली आणि म्हणाल्या, "म्हाका दोनूय सारकेच."

एका दिवाणखान्यातल्या दहा फेऱ्यांनी जगाचा वाद मिटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्यापुढे जगाचा वाद नव्हता, साठ हजारांचा होता. २००७ साली जेम्स रँडी या अमेरिकन गृहस्थांनी, अति महागडी तार साध्या तारेहून वेगळी ओळखून दाखवावी आणि दहा लाख डॉलर न्यावेत, असे आव्हान दिले होते. बोलाचाली पुष्कळ झाली, परीक्षा झालीच नाही. जेथे दहा लाख डॉलरांसाठीही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला नाही, तेथे आमच्या मंडळाने आपली पुंजी का घालावी?

डॉक्टर बराच वेळ चिठ्ठ्या हातात धरून बसले होते. नंतर म्हणाले, "म्हणजे बाबांचा आवाज तारेत अडकलेला नाही." आम्ही म्हणालो, नाही; तो फितीत आहे आणि तेथे त्याची प्रकृती खालावते आहे.

खरी गोष्ट ती होती. तार मुरत नाही, पण फीत नासते. १९७० नंतरच्या पुष्कळ फितींत चुंबकीय भुकटीला धरून ठेवणारा जो चिकट थर असतो, तो हवेतला ओलावा शोषतो आणि तुटू लागतो. अशी फीत यंत्रावर चढविली की ती चिकटते, किंचाळते आणि भुकटी सोडते. ती सुटलेली भुकटी म्हणजेच गाणे. वर माळव्याचा पावसाळा आणि कपाटातली बुरशी. कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल. तिला सोन्याची तार लावली तरी स्पूलवरून जे उतरलेच नाही, ते ती कोठून आणणार? चिकट फिती जाणकाराने मंद आचेवर काही तास शेकल्या, तर त्या थोड्या दिवसांपुरत्या वाजण्याजोग्या होतात आणि तेवढ्यात त्यांची अंकीय नक्कल करून घ्यावी लागते. येथे मात्र वेळ हा खरोखर शत्रू आहे. दरवर्षी थोडा थोडा आवाज जातो आणि तो कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

यंत्र उत्तम असण्याने गाणे थोर होत नाही, याची साक्ष आपल्याच केरीच्या केसरबाईंनी देऊन ठेवली आहे. त्यांची भैरवीची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत घालून ताऱ्यांच्या दिशेने धाडली गेली. ती निवडणाऱ्यांनी स्वर ऐकला. आणि तो स्वर ऐकता आला, कारण कोणीतरी तो वेळेवर उतरवून घेतला होता आणि जपला होता.

मंडळाची पुन्हा सभा झाली. डॉक्टरांनी आपली पहिली सूचना स्वतःच मागे घेतली आणि दुसरी मांडली. ती एकमताने संमत झाली. कपाटांतून आणि माळ्यांवरून एकूण चौदा स्पूल गोळा झाले. त्यांतील दोन पार गेलेले आहेत. बाकीचे बारा, पावसाळ्यापूर्वी, पुण्याच्या एका जाणकाराकडे पाठविण्यात आले आहेत. ज्या वाचकांच्या घरी अथवा देवळाच्या कोठारात अशा फिती पडून असतील, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते कपाट उघडावे, अशी आमची विनंती आहे. स्पीकरसाठी लागणारी तार फ्रीगंजातल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानातून मीटरवर मोजून आणली. ती त्याच संध्याकाळी जोडली आणि त्याच संध्याकाळी भजन लावले.